नाकेदार गुणवंतराव आणि कमळाबाईची डाक

मत्सराचंही एक वय असावं. शाळेत असताना दुसऱ्याच्या नव्या सायकलीवरून तो झाला तर शोभून दिसतो. नोकरीत दुसऱ्याच्या बढतीवरून झाला तर कोणी मनावर घेत नाही. आलापल्लीच्या गुणवंतराव दुर्गे यांना मात्र तो एकसष्टाव्या वर्षी झाला, साखरेच्या दुखण्यासारखा, निवृत्तीनंतर. आणि झाला तो शेजाऱ्याबद्दल नाही, भावकीतल्या कोणाबद्दल नाही, साक्षात स्वतःच्या बायकोबद्दल.

बायको म्हणजे कमळाबाई. वय सत्तावन्न, उंची जेमतेम, आणि आवाज असा की अंगणात बोलल्या तर मागच्या गल्लीतली माणसं परस्पर उत्तर देत. इन्स्टावर त्यांना साठ हजार माणसं बघत होती. गुणवंतरावांना दोनशे बारा.

हा दोनशे बाराचा आकडा गुणवंतरावांसमोर सहसा कोणी उच्चारत नसे. अपवाद बुधूभाऊंचा. बुधूभाऊ वनखात्याच्या लाकूड-डेपोतले जुने सोबती. नोकरीत असताना लठ्ठ्यांवर नंबर घालायचे, आता बसस्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर बसून माणसांवर घालत.

"काय नाकेदारसाहेब, दोनशे बाराचे तेरा झाले का नाई?"

"होऊन राह्यले हळूहळू," गुणवंतराव बशीत बघून म्हणत. "ज्ञानाची गोष्ट हाये बुधू. भाजीसारखी दोन मिनिटांत शिजत नाई."

खरं म्हणजे सुरुवात गुणवंतरावांनी केली होती. वनखात्यात चौतीस वर्षं काढलेली, त्यातली एकोणीस तपासणी नाक्यावर. निवृत्त झाले त्या महिन्यात मुलीनं, पुनमनं, नवा फोन घेऊन दिला. पुनम चंद्रपूरला नर्स आहे. गुणवंतरावांनी ठरवलं की एवढं जंगल डोक्यात भरलेलं आहे ते तरुण पिढीला देऊन टाकावं. 'वनज्ञान' नावाचं खातं उघडलं आणि 'सागाच्या लठ्ठ्याचा घेर कसा मोजावा' हा विषय हाती घेतला. त्याचे चौदा भाग झाले. तरुण पिढी पहिल्या भागातच कुठेतरी घेर चुकवून निघून गेली.

कमळाबाईंना यातलं काही नको होतं. पुनमनं एकदा फोनवर विचारलं, "आई, तरोट्याची भाजी कडू काऊन होते मायी?" तेव्हा त्यांनी नवऱ्याला म्हटलं, "अवो, तो फोन धरा जरा. मी करून दाखवतो, पाठवून द्या पोरीले." गुणवंतरावांनी धरला. पोरीला पाठवला. पोरीनं कौतुकानं इन्स्टावर टाकला. तीन दिवसांत चाळीस हजार माणसांनी तरोटा पाहिला. मग वास्त्यांची, म्हणजे बांबूच्या कोंबांची भाजी आली, सात्यांचा, म्हणजे रानअळंब्यांचा रस्सा आला, मोहफुलांच्या पोळ्या आल्या, आणि 'कमळामायची चूल' पेटली ती पेटलीच.

प्रत्येक व्हिडिओत फोन धरायला गुणवंतराव. म्हणजे स्वतःचा सर्वनाश माणसानं स्वतःच्या हातानं, तोही उभ्याउभ्या, चित्रित करावा तसं झालं. 'वनज्ञान'च्या चौदाव्या भागाखाली एकुलती एक प्रतिक्रिया आली. ती वाचून त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचली. लिहिलं होतं, 'काका, तुम्ही कमळामायचे कोण?'

तरी एक सत्ता त्यांच्या हाती उरली होती. खातं उघडताना पुनमनं ईमेलचा पत्ता दिला तो वडिलांचा. कमळाबाईंना ईमेल नव्हताच. त्यामुळे 'कमळामायची चूल'साठी जी काही डाक येई, ती आधी गुणवंतरावांच्या फोनमध्ये उतरे. पुढे सोडायची की नाही हे ते ठरवत. घरात एक नाका तयार झाला होता, आणि नाका म्हटला की गुणवंतरावांचा ताठा परत येई.

नाक्यावर ते होतेच तसे. सागवानाचा ट्रक आला की वाहतुकीचा पास हातात घेत, पण वाचत नसत. आधी ड्रायव्हरला विचारत, "रस्ता कसा होता?" खरा ड्रायव्हर एवढं विचारल्याबरोबर उखडे. अमुक पुलावर चाक फसलं, तमुक ठिकाणी खड्डा की विहीर तेच कळत नाही, दोन तास वाया गेले, असं म्हणत सरकारपासून सासऱ्यापर्यंत सगळ्यांना शिव्या घाली. चोरटा माल आणणारा मात्र म्हणे, "रस्ता मस्त साहेब, काही त्रास नाई. तुमी बरे आहात ना?" असं कोणी म्हटलं की गुणवंतराव आडवा बांबू खाली करत आणि माल उतरवायला लावत. एकोणीस वर्षांत ही युक्ती दोनदाच चुकली, आणि दोन्ही वेळा ड्रायव्हर नवीन लग्न झालेला होता.

तर या घरच्या नाक्यावर मे महिन्यात पहिली मोठी डाक आली. नागपूरकडच्या एका तेलघाण्याची. सोनघाणी नावाचं जवसाचं तेल काढणारी छोटी कंपनी. ईमेल असा होता:

'नमस्कार कमळाताई. वास्त्यांच्या भाजीचा तुमचा व्हिडिओ आमच्या आईला आवडला. तुम्ही जवसाचं तेल धूर निघेपर्यंत तापवता, ते चूक आहे, कडू होतं. आमच्या तेलावर तीन व्हिडिओ कराल का? व्हिडिओत मागे एक गृहस्थ सारखे खोकतात. त्यांना त्या वेळी बाहेर बसवता आलं तर बरं. बोलायचं असल्यास कार्यालयात फोन करा. एक ते दोन जेवणाची सुट्टी असते.'

गुणवंतरावांनी तो ईमेल चारदा वाचला. तिसऱ्या वेळी त्यांना खोकला आला, तो त्यांनी दाबला.

"कोनाचं काय आलं जी?" चुलीपासून कमळाबाईंनी विचारलं.

"काई नाई. फसवाफसवी हाये," गुणवंतराव म्हणाले. "आजकाल असे लय येते. तेलाच्या नावानं खातं लुटून नेतेत."

"अस्सं? बरं झालं, तुमी पाह्यलं म्हून समजलं." कमळाबाईंनी एवढ्या भरवशानं म्हटलं की गुणवंतरावांना क्षणभर जमिनीत जावंसं वाटलं. पण क्षणभरच. पुढच्या क्षणी त्यांनी ईमेल पुसून टाकला. त्याच घाण्यानं आणखी दोनदा लिहिलं. तेही पुसले. पुसताना त्यांना समाधान झालं, आणि त्या समाधानाची लाज वाटली, आणि लाज वाटते म्हणून कमळाबाईंचाच आणखी राग आला. मत्सराचं काम असं असतं, सरळ चालत नाही.

मग जुलैत दुसरी डाक आली.

ही एका मोठ्या मिक्सरच्या कंपनीच्या नावानं होती. नाव सांगत नाही, कारण त्या बिचाऱ्या कंपनीला यातलं काही ठाऊकही नव्हतं. वर सोनेरी चित्र, खाली सही, मध्ये मराठी. मराठी अशी की प्रत्येक वाक्याला कडक इस्त्री केलेली:

'प्रिय निर्माता, आपल्या अप्रतिम आशयाने आमचा संघ अत्यंत प्रभावित झाला आहे. आपले प्रत्येक सादरीकरण उत्कृष्ट आहे. विशेषतः आपले छायाचित्रण जागतिक दर्जाचे आहे. आम्ही आपणास वर्षभराच्या सहकार्यासाठी निवडले आहे. हैदराबाद येथे चित्रीकरण, एका व्यक्तीचे विमानाचे तिकीट व निवास. करारापूर्वी खालील दुव्यावर आपल्या खात्याची पडताळणी करावी. मुदत उद्या सायंकाळी पाचपर्यंत.'

छायाचित्रण जागतिक दर्जाचे. गुणवंतराव पाटावरून उठले, अंगणात गेले, परत आले आणि बसले. वर्षभर जो माणूस धुरात उभा राहून फोन धरत होता, त्याच्याकडे शेवटी कोणाचं तरी लक्ष गेलं होतं. साठ हजार माणसांच्या मागे एक माणूस उभा आहे हे हैदराबादला कळलं होतं, आलापल्लीला नाही.

"कमळे! इकडे ये. डाक आली. मोठी डाक आली!"

नाकेदारानं आयुष्यात पहिल्यांदा गाडी न बघता बांबू वर केला.

कमळाबाईंनी ऐकलं आणि पदरानं तोंड पुसलं. "मिक्सरवाले? माह्याच मागं?" मग म्हणाल्या, "ती पडताळणी आता नाई करत. उद्या अकराले बचत गटाची बैठक हाये आपल्या अंगणात. सगळ्या बाया येतीन. त्यायच्यासमोर करतो. या व्हिडिओतल्या अर्ध्या भाज्या त्यायच्या हातच्या हायेत."

संध्याकाळपर्यंत सगळ्या आलापल्लीला कळलं. शेजारच्या नीलाबाई तर दारातूनच ओरडल्या, "कमळाबाई, विमानात खिडकीजवळ बसजो वो! आन आमाले हात दाखवजो!"

"तुले कसा दिसन वरून हात?"

"दिसन का नाई ते तू नको सांगू. दाखवजो फकस्त!"

बाया हसल्या. गुणवंतरावही हसले. छायाचित्रणाचा विषय कोणी काढेल म्हणून ते तिथेच घुटमळत होते. कोणी काढला नाही. मग नीलाबाईंनी विचारलं, "आन हे? हे बी येनार विमानात?"

कमळाबाई म्हणाल्या, "एकाचंच तिकीट हाये. यायले कोन बोलवते?"

त्यात वाईट हेतू नव्हता. तरी गुणवंतरावांच्या छातीत एक लठ्ठा गडगडत खाली आला. जागतिक दर्जाचा माणूस आलापल्लीत गायीला पाणी पाजत बसणार आणि बायको खिडकीतून हात दाखवणार. रात्रीचं जेवण त्यांनी मीठ कमी आहे असं सांगून अर्धवट टाकलं. मीठ बरोबर होतं.

सकाळी ते जुनी वही घेऊन बसले आणि ईमेल उघडला. कोणाच्या भल्यासाठी नाही. आपल्याला तिकीट नाही म्हणून त्यात खोट सापडावी, एवढ्या एकाच इच्छेनं. मनापासून खोट शोधणारा माणूस आणि चांगला नाकेदार यांच्यात फरक फार थोडा असतो, आणि त्या सकाळी तो थोडासुद्धा उरला नाही.

आधी पाठवणाऱ्याचा पत्ता पाहिला. कंपनीचं नाव पुढे होतं, पण मागे लोक फुकटात काढतात तसला साधा पत्ता होता. एवढी मोठी कंपनी आणि तिला स्वतःच्या घराचा पत्ता नाही? वहीत लिहिलं. मग 'प्रिय निर्माता'. सगळं उत्कृष्ट आहे, पण बाईचं नाव ठाऊक नाही. लिहिलं. मग मिक्सर. कमळाबाईंच्या एकाही व्हिडिओत मिक्सर नव्हता, सगळं वाटण पाट्यावर. पाट्यावाली बाई मिक्सरवाल्यांनी एवढ्या बायांतून कशी निवडली? लिहिलं. मग पडताळणीचा दुवा. त्यात खात्याचा पासवर्ड मागितला होता. तिकीट द्यायला घराची किल्ली कशाला लागते?

आता त्यांनी नाक्यावरची ती जुनी युक्ती केली. उलट लिहून विचारलं, 'आमचा कोणता व्हिडिओ आवडला? काय सुधारणा करावी?'

दोन मिनिटांत उत्तर आलं. 'आपले सर्वच व्हिडिओ परिपूर्ण आहेत. सुधारणेची आवश्यकता नाही. कृपया त्वरित दुवा भरावा.'

रस्ता मस्त साहेब, काही त्रास नाही.

गुणवंतरावांनी वही मिटली. इतका वेळ ते खोट शोधत होते ती मिळावी म्हणून, आणि आता ती मिळाली तर आनंदच होईना. कारण आता दिसत होतं की अकरा वाजता अंगणात बसून कमळी, काल आपणच तिच्या फोनवर पाठवलेला दुवा उघडून, पासवर्ड टाकणार, आणि वर्षभराचा तरोटा, वास्ते, सात्या, साठ हजार माणसं, सगळं दुसऱ्याच कोणाच्या हाती जाणार. त्यांनी पुनमला फोन लावला. बंद. ती ड्युटीवर असली की फोन लॉकरमध्ये ठेवते. पावणेअकरा वाजले होते, आणि अंगणात चटया पडल्या होत्या.

"थांब कमळे," गुणवंतराव अंगणात येऊन म्हणाले. "भरू नोको. फसवाफसवी हाये."

सगळ्या बायांनी एकदम त्यांच्याकडे पाहिलं, आणि मग एकमेकींकडे.

"पुन्हा?" कमळाबाई म्हणाल्या. "काल तर तुमीच नाचून राह्यले होते. आन आज तिकीट नाई म्हून फसवाफसवी?"

"तिकिटाचं नाई. हे पाय, पत्ताच खरा नाई कंपनीचा."

"मोठी कंपनी हाये. दहा पत्ते असतीन."

"तुहं नाव बी नाई लिहलं."

"एवढ्या लोकायले लिहतेत. कोनाकोनाचं नाव ध्यानात ठेवतीन?"

"तुह्याजवळ मिक्सर कुठी हाये?"

"नाई म्हून तर देऊन राह्यले!"

बाया खदखदून हसल्या. गुणवंतराव घाईघाईनं वही उलटू लागले. "मी विचारलं त्यायले, कोनता व्हिडिओ आवडला. तर म्हनते सगळेच."

"मंग? सगळेच चांगले हायेत म्हून सगळेच म्हटले," कमळाबाई म्हणाल्या आणि आवाज खाली आणला. त्यांचा आवाज खाली आला की घरात काही खरं नसे. "पुनमचे बाबा, एक विचारू? साठ हजार लोकायनं मले पाह्यलं, तुमच्या पोटात दुखते का नाई? खरं सांगा."

नीलाबाईंनी चटईची काडी उपसायला घेतली.

"दुखते," गुणवंतराव म्हणाले.

असं उत्तर कोणी अपेक्षिलं नव्हतं. कमळाबाईंचं बोट फोनवर होतं तिथेच राहिलं.

"लय दुखते," ते म्हणाले. "पण हे येगळं हाये. दे तो फोन. देत नसशीन तर तूच लाव. लाव तो सात्यांचा व्हिडिओ, सगळ्यायले दाखव."

कमळाबाईंनी लावला. बाया पुढे झुकल्या.

"पाह्यलं? अर्ध्या वेळ तुह्यं कपाळ कापलं हाये. इथी माहा अंगठा आला, पाय, लाल दिसून राह्यलं ते. इथी धूर आला त मी फोन खालीच केला, सात सेकंद नुस्ती चप्पल दिसते. आन हात त असा हालते का जसं बैलगाडीत बसून काढलं." त्यांनी बोटानं व्हिडिओ चपलेवरच थांबवला. "याले ते जागतिक दर्जाचं म्हनून राह्यले. मी काल खरं मानलं, कारन मले ते खरंच पाह्यजे होतं. ज्यानं व्हिडिओ पाह्यला त्यानं असं म्हटलं नसतं, कमळे. त्यानं पाह्यलाच नाई. एक बी नाई पाह्यला."

चप्पल अजून पडद्यावर होती. नीलाबाईंनी तोंडावर पदर धरला, खांदे हलत होते, पण आवाज काढला नाही.

कमळाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. चौतीस वर्षांच्या संसारात या माणसानं स्वतःची चूक मान्य केल्याचा प्रसंग त्यांना आठवत नव्हता. भाजी करपली तर लाकडं ओली होती, बस चुकली तर बस लवकर आली होती. हा माणूस चार बायांसमोर स्वतःचा अंगठा दाखवत होता. त्यांनी बोट काढलं आणि फोन चटईवर उलटा ठेवला.

"बरं," त्या म्हणाल्या. आणि मग, उशीर न लावता, "मंग ते तेलवाल्यायचं? त्यायचा पत्ता बी खोटाच होता?"

गुणवंतराव उभ्याचे खाली बसले.

"नाई."

"नाव लिहलं होतं?"

"कमळाताई लिहलं होतं. वास्त्याचा व्हिडिओ पाह्यला होता. तू तेल जास्त तापवते म्हने." थांबून म्हणाले, "आन मी खोकतो म्हने."

"म्हनजे खरे होते ते."

"एक बी खोट नोती. बिनबोभाट सोडाची गाडी होती. मी अडवली."

बचत गटाची बैठक त्या दिवशी झाली नाही. बाया एकेक करून उठल्या. नीलाबाई जाता जाता म्हणाल्या, "जयभीम भाऊ, येतो," ते एखाद्याला दवाखान्यात सोडून जावं तशा आवाजात.

गुणवंतरावांनी दुपारी सगळं लिहून पाठवलं होतं, ते वाचून संध्याकाळी पुनमचा फोन आला. तिनं कंपनीच्या खऱ्या वेबसाइटवरचा नंबर काढून तिथे विचारलं होतं. ईमेलमध्ये दिलेला नंबर नाही, हे तिनं वडिलांना दोनदा बजावलं. असं काही आम्ही पाठवलंच नाही, असं त्यांनी सांगितलं होतं. तिच्या वॉर्डातल्या एकीच्या भावाचं खातं असंच गेलं, त्याच्या नावानं लोकांना आता कसलीतरी गुंतवणूक विकतात, आणि परत मागितलं तर त्यालाच पैसे मागतात. "बाबा, तुम्ही वाचवलं आईले," ती म्हणाली. गुणवंतराव नुसते हूं म्हणाले. कारण आई शेजारीच बसली होती आणि तिच्या तोंडावर वाचल्याचा आनंद अजिबात दिसत नव्हता.

पुढचे आठ दिवस कमळाबाई नवऱ्याशी बोलल्या नाहीत. जे सांगायचं ते व्हिडिओत सांगत. "आता मीठ टाका," त्या साठ हजार लोकांना सांगत, "पण बेतानं. काई लोक दुसऱ्याच्या ताटातलं मीठ बी पुसून टाकतेत." आणि हेही गुणवंतरावांना लांबून ऐकावं लागे, कारण फोन धरायचं काम गेलं होतं. कमळाबाईंनी लाखोळीच्या डाळीचा मोठा डबा चुलीसमोर ठेवला आणि फोन त्याला टेकवला. पहिल्याच व्हिडिओखाली लोकांनी लिहिलं, 'आज व्हिडिओ हलत नाही, छान.' कोणी लिहिलं, 'माय, तुमचं कपाळ पहिल्यांदा पाहिलं.' गुणवंतराव परसात बसून हे वाचत आणि डब्यावर जळत. बायकोवर जळणं ठीक होतं, तिच्यात काही होतं तरी. डब्यात नुसती डाळ होती.

बुधूभाऊंच्या कानावर सगळं गेलंच होतं. "नाकेदारसाहेब, म्हन्ते तुमची बदली झाली? जागेवर दाळ आली म्हन्ते?"

त्या दिवशी गुणवंतराव चहा अर्धा टाकून घरी आले. ट्रंकेतून नाक्याची वही काढली. ईमेल पुसला खरा, पण पुसण्याआधी गाडीचा नंबर उतरवून ठेवायची एकोणीस वर्षांची खोड सुटली नव्हती. सोनघाणीचा फोन नंबर वहीत होता, तारखेसकट आणि 'एक ते दोन सुट्टी' या शेऱ्यासकट. त्यांनी वही कमळाबाईंसमोर ठेवली.

"लाव. मी बोलतो. मीच होतो म्हून सांगतो."

कमळाबाईंनी आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, एक ते दोनची सुट्टी टळलेली आहे ना ते. मग स्वतःच लावला, आणि आवाज मोठा केला.

पलीकडे एक वैतागलेला माणूस होता. "कमळाताई? अहो, आम्ही तीनदा लिहिलं तुम्हाला! एकदाही उत्तर नाही. आमची आई रोज विचारायची."

गुणवंतराव पुढे वाकून म्हणाले, "साहेब, ते मी पुसले. तिले मालूम बी नोतं. चूक माही हाये."

पलीकडून लगेच प्रश्न आला, "तुम्ही म्हणजे ते खोकणारे का?"

"हो जी."

"बरं," तो माणूस म्हणाला. "आता तर काम दिलं. धानोऱ्याच्या एक रीताताई आहेत, त्या करतात. चांगल्या करतात. पुढच्या हंगामात बघू, ताई. नंबर ठेवतो तुमचा."

फोन बंद झाला. गुणवंतराव मान खाली घालून बसले. आता हे शब्द येतील, मग ते शब्द येतील, असं मनात मोजत. कमळाबाई मात्र भलतंच बोलल्या.

"धानोऱ्याची रीता? कोन हाये वो ही?"

गुणवंतरावांनी शोधून काढली. पस्तिशीतली बाई, नेटकी साडी, मागे नवं कोरं गॅस शेगडीचं स्वयंपाकघर, हातात सोनघाणीची बाटली. नव्वद हजार माणसं.

"नव्वद?" कमळाबाई जवळ सरकल्या. आठ दिवसांत पहिल्यांदा. "गॅसवर वास्ते शिजवते! गॅसवर!"

"आन ते वास्ते पाय," गुणवंतराव हळूच म्हणाले. "जून हायेत. हे नाक्यावरून मी सोडले नसते."

"उकळून पानी फेकलं का हिनं? नाई फेकलं. आता कडू होईन ना."

"हिचा फोन कोन धरून राह्यलं? लयच स्थिर हाये."

"नवरा असन. कोनाचे नवरे असते चांगले." पण हे म्हणताना त्यांचं लक्ष रीताच्या कढईवर होतं. "हे पाहा, हे पाहा, तेल किती ओतते! कंपनीचं फुकटचं हाये म्हून. मायं तेल होतं ते."

"तुहंच होतं," गुणवंतराव मनापासून म्हणाले.

पहिला व्हिडिओ संपला, दुसरा लागला. रीतानं हसून सगळ्यांना नमस्कार केला. त्या घरात त्या दुपारी दोन माणसं एकाच बाईवर मनसोक्त जळत होती, आणि चुलीवरचा चहा उतू जाऊन विस्तव विझला तरी कोणाला कळलं नाही.

"सरका जरा तिकडे," कमळाबाई म्हणाल्या. "मले दिसून नाई राह्यलं."